चावऱ्या कुत्र्यास दुसरे घर द्यावे काय?



पावसाळा सुरू झाला म्हणजे आपल्या शाळेच्या व्हरांड्यात एक प्रसंग दरवर्षी हटकून घडतो. कोणी तरी पाचवी-सहावीतला मुलगा भिजलेल्या सदऱ्याखाली काही लपवून आणतो. प्रार्थना चालू असता ते काही तरी कुंई कुंई करू लागते. आणि मग सर्वांच्या ध्यानात येते की, नाल्याकाठी सापडलेले एक कुत्र्याचे पिलू विद्याभ्यासासाठी दाखल झाले आहे. अशा मुलावर रागावणे कोणत्याही शिक्षकास जड जाते. दया ही छडी दाखवून शिकविता येत नाही. ती आपण होऊन उगवली असता तिला दटावून घालविणे हे शिक्षकाचे काम नव्हे. परंतु दयेलाही डोळे असावे लागतात. डोळे मिटून केलेली दया एकाचे कल्याण करू जाते आणि दुसऱ्याच्या घरात संकट नेऊन सोडते.

प्रस्तुत लेखाचा विषय ते लहान पिलू नव्हे. त्यास घर मिळणे फारसे कठीण नसते. विषय आहे तो वयात आलेल्या, मारहाणीतून किंवा अपघातातून वाचविलेल्या, आणि अंगी चावण्याची खोड जडलेल्या कुत्र्याचा. अशा कुत्र्यास दुसऱ्याच्या घरी द्यावे काय, आणि द्यावयाचे तर कोणत्या रीतीने? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु त्याच्या एका पारड्यात मुक्या जिवाचे आयुष्य असते आणि दुसऱ्या पारड्यात एखाद्या लेकराचा चेहरा. असा प्रश्न क्षुल्लक म्हणता येत नाही.

आपल्या पणजोबांस हा प्रश्न पडत नसे. चावऱ्या कुत्र्यास काठी, हे त्यांचे सरळ उत्तर होते. सरकारचे उत्तरही त्याहून निराळे नव्हते. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून मोकाट कुत्री मारण्याचा परिपाठ होता व मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळत असे. बक्षिसाच्या लोभाने शिपाई लोकांची पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले, असा बोभाटा झाला. तेव्हा जून १८३२ मध्ये तेथील पारशी समाज खवळून उठला, दुकाने बंद पडली आणि दंगल झाली. दंगल शमली, परंतु कुत्री मारणे पुढे दीड शतकाहून अधिक काळ चालूच राहिले. एवढे करूनही कुत्री संपली नाहीत; कारण एका गल्लीतील कुत्री मारली म्हणजे तेथील उकिरड्यावर शेजारच्या गल्लीतील येऊन बसतात. अखेर १९९४ साली मुंबई महानगरपालिकेने मारणे थांबवून नसबंदीचा मार्ग धरला. २००१ साली केंद्र सरकारने त्याविषयी सर्व देशासाठी नियम केले, आणि मार्च २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. रस्त्यावरील कुत्रे पकडावे, त्याची नसबंदी करावी, त्यास लस टोचावी आणि जेथून उचलले तेथेच परत सोडावे, हा त्या नियमांचा गाभा होय.

यास एक महत्त्वाचा अपवाद आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्लीच्या कुत्र्यांच्या प्रकरणी आदेश देताना सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की, पिसाळलेली, पिसाळल्याचा संशय असलेली किंवा आक्रमक वृत्तीची कुत्री परत रस्त्यावर सोडू नयेत. ती वेगळी ठेवावीत. ज्यास रस्त्यावरील कुत्रे दत्तक घ्यावयाचे असेल त्याने महापालिकेकडे अर्ज करावा; मात्र ते कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची, असेही त्याच आदेशात म्हटले आहे. तात्पर्य, काठीने प्रश्न मिटविण्याचा मार्ग बंद झाला, आणि तो बंद झाला हे योग्यच झाले. परंतु काठी खाली ठेविली म्हणजे विचाराचे ओझे उचलावे लागते. ते ओझे मी स्वतः एकदा टाळले; त्याची हकीकत प्रथम सांगतो.

चार वर्षांपूर्वी भाद्रपदात आपल्या शाळेचे दोन विद्यार्थी मला स्टेशनाकडे घेऊन गेले. जेथे १८९७ पासून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी धावत असे, त्या बाजूस झुडपात एक तांबूस रंगाचे कुत्रे पडले होते. त्याच्या गळ्यात तारेचा फास रुतून जखमेत किडे झाले होते. आम्ही त्यास पोत्यावर घालून पशुवैद्यांकडे नेले. महिनाभराच्या औषधपाण्याने जखम भरली, अंगावर केस आले, आणि मोती हे नाव त्यास शोभू लागले. माझ्या घरी असताना तो दोनदा ताटलीवर वाकून गुरगुरला, आणि एकदा मी ताटली उचलू गेलो असता त्याने माझ्या हातास दात लावले. रक्त आले नाही; म्हणून ती गोष्ट मी मनावर घेतली नाही.

पुढे गावातील एका सज्जन कुटुंबाने त्यास घेण्याची इच्छा दर्शविली. घरातील कर्त्या पुरुषाने मला एकच प्रश्न विचारला, "सर, चावत तर नाही ना?" मी म्हणालो, "छे, अगदी गरीब आहे." असे म्हणताना मी खोटे बोलत आहे, असे मला वाटले नाही. मला वाटले, मी मोतीवर उपकार करीत आहे. त्यानंतर अकराव्या दिवशी त्या घरची सहा वर्षांची मुलगी ताटलीशेजारी पडलेला भाकरीचा तुकडा उचलून त्याच्या ताटलीत टाकावयास वाकली. मोतीचे तीन दात तिच्या मनगटात रुतले. मी रुग्णालयात धावलो तेव्हा तिचे वडील माझ्यावर ओरडले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "सर, आपण सांगितले असते, तर मी तिला त्याच्या ताटापाशी जाऊ दिले नसते."

ते वाक्य आजही माझ्या कानांत आहे; कारण त्यात या सर्व विषयाचे सार आले आहे. त्या गृहस्थांनी कुत्रे नाकारले असते, असे ते म्हणाले नाहीत. सत्य कळले असते तर त्यांनी मुलीस सांभाळले असते, आणि मुलीबरोबर मोतीही सांभाळला गेला असता. मी दोष झाकला आणि एकाच वेळी तिघांस फसविले: घेणाऱ्यास, त्याच्या लेकरास आणि ज्याच्या कळवळ्याने झाकला त्या कुत्र्यासही.

आता कुत्रे चावते तरी का, याचा विचार करू. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हणीत गंमत आहे, परंतु शास्त्र नाही. पुष्कळशा चावण्याच्या मुळाशी दुष्टपणा नसून भय असते. अमेरिकेत बार हार्बर येथील प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या दोन संशोधकांनी पिलांच्या वाढीचा अनेक वर्षे अभ्यास करून १९६५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिलाच्या आयुष्यात फार मोलाचा असतो, असे त्या अभ्यासातून दिसून आले. या काळात ज्या पिलाने माणसांचा प्रेमळ स्पर्श अनुभविला, निरनिराळे आवाज ऐकले, त्यास जग आपले वाटते. ज्याने या काळात माणूस पाहिलाच नाही, किंवा पाहिला तो दगड मारणाराच पाहिला, त्यास पुढे प्रत्येक उगारलेला हात दगडाचाच वाटतो. मग तो हात कुरवाळण्यासाठी पुढे आलेला असला तरी.

दुसरे कारण वेदना. ज्याचा कान आतून पिकला आहे, दाढ किडली आहे किंवा मोडलेला पाय वाकडा बसला आहे, त्यास तेथे हात लागताच ते चावते. आपल्यापैकी दाढदुखीने बेजार झालेला मनुष्यही घरच्यांवर खेकसतोच. तिसरे कारण राखण. उपाशी दिवस काढलेले कुत्रे अन्नाचा तुकडा जिवापलीकडे जपते. मोतीचे दुखणे हेच होते. चौथे कारण जातिस्वभाव. आपल्या भागात धनगरांच्या मेंढरांबरोबर जी कुत्री हिंडतात, त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या परक्यास कळपाजवळ येऊ न देण्यात गेल्या आहेत. माळरानावर हा त्यांचा गुण होय. परंतु तेच कुत्रे गावातील अरुंद बोळात आणून बांधले, म्हणजे दारावरून जाणारा प्रत्येक पेपरवाला त्यास लांडगा भासतो. गुण तोच, जागा चुकली म्हणून तो दोष झाला.

आणखी एक म्हण फार घातक आहे. भुंकणारे कुत्रे चावत नाही, असे म्हणतात. ते खरे नाही. भुंकणारेही चावते. कुत्रे चावण्यापूर्वी बहुधा सूचना देते, मात्र ती वाचता आली पाहिजे. ते जागच्या जागी ताठ होते, तोंड फिरविते, डोळ्यांच्या कडेने पांढरे दाखवीत पाहते, ओठ चाटते, शेपूट पायात घालते. मग गुरगुरते, मग दात विचकते, आणि एवढ्याने कोणी समजला नाही तर चावते. गुरगुरल्याबद्दल कुत्र्यास बडविणारे लोक एक मोठी चूक करितात. माराने त्याचे भय जात नाही, केवळ गुरगुरणे जाते. नाक्यावरचा धोक्याचा दिवा फोडला म्हणून पुढचा खड्डा बुजत नाही. असे सूचना देणे विसरलेले कुत्रे सर्वांत धोक्याचे होय. कारण ते एकदम चावते.

तेव्हा अशा कुत्र्यास घर पाहून देण्यापूर्वी काय काय केले पाहिजे, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, पशुवैद्याकडून संपूर्ण तपासणी. कान, दात, सांधे, त्वचा व गोचीड-ताप यांची परीक्षा झाल्यावाचून स्वभावाविषयी मत देऊ नये. पिसाळण्याची लस टोचावी आणि नसबंदी करावी. नसबंदीने सर्व चावरेपणा जातो, हा मात्र भ्रम आहे. भयाने चावणाऱ्यास तिचा तेवढा उपयोग होत नाही. तथापि नको असलेली पिले रस्त्यावर येण्याचे तिने टळते, हा लाभ थोडा नव्हे.

दुसरी गोष्ट, सबुरी. नव्या जागी आलेले भेदरलेले कुत्रे पहिले काही दिवस कोपऱ्यात गप्प बसते आणि आपण म्हणतो, किती शांत आहे! ती शांती नव्हे, भीती असते. त्याचा खरा स्वभाव काही आठवड्यांनी, पाय स्थिरावल्यावर प्रगट होतो. आठ दिवसांच्या ओळखीवर कोणत्याही कुत्र्यास गरीब म्हणून प्रशस्तिपत्र देऊ नये. मी दिले, त्याचे फळ वर सांगितलेच आहे.

तिसरी गोष्ट, शिक्षण. ताटली राखणाऱ्या कुत्र्याची ताटली हिसकून घेऊन त्यास धडा शिकविण्याची रीत अगदी चुकीची आहे. त्यापेक्षा मोठ्या माणसाने दुरून, कुत्रे स्वस्थ राहील इतक्या अंतरावरून, त्याच्या ताटलीकडे अधिक चांगला घास टाकावा आणि निघून जावे. असे रोज करावे व दिवसादिवसाने अंतर थोडे थोडे कमी करावे. माणूस जवळ आला म्हणजे अन्न जाते, ही त्याची जुनी समजूत असते. तिच्या जागी, माणूस जवळ आला म्हणजे अन्न येते, ही नवी समजूत हळूहळू रुजते. यास महिने लागतात, आणि जाणत्याच्या सल्ल्यावाचून ते करू नये. मुलांनी तर हा प्रयोग मुळीच करू नये. बाहेर नेताना जाळीचे मुसके घालण्याची सवयही गोडीगुलाबीने लावावी. मुसके असे असावे की त्यातून कुत्र्यास तोंड उघडून धापा टाकता याव्या आणि पाणी पिता यावे. दोरीने तोंड आवळणे ही क्रूरता होय.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे सत्यकथन. आपल्याकडे मुलामुलीचे स्थळ पाहताना दोष झाकून लग्न लावले, तर दोन्ही घरांची राखरांगोळी होते, हे आपण जाणतो. कुत्र्याच्या बाबतीतही तोच न्याय आहे. घेणाऱ्याच्या हाती लेखी कागद द्यावा. त्यात कुत्रे कोठे सापडले, कोणाकोणास चावले, केव्हा, कशाच्या निमित्ताने, रक्त आले की नाही, हे सर्व लिहावे. जगप्रसिद्ध पशुवैद्य इयान डनबार यांनी चावण्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत. हवेत झडप घातली पण दात लागले नाहीत, ही पहिली. दात लागले पण रुतले नाहीत, ही दुसरी. एकदाच चावून दात उथळ रुतले, ही तिसरी. तेच खोल रुतले, ही चौथी. एकामागून एक अनेक चावे घेतले, ही पाचवी. आणि प्राणहानी झाली, ही सहावी. नुसते चावते असे म्हटल्याने काहीच कळत नाही. पायरी सांगितली म्हणजे घेणाऱ्यास धोक्याचे माप कळते. मोती माझ्या घरी दुसऱ्या पायरीवर होता, हे मला त्या वेळी ठाऊक असते व मी ते सांगितले असते, तर तिसरी पायरी आली नसती.

पाचवी गोष्ट, घराची पारख. ज्या घरी लहान मुले आहेत तेथे अन्न राखणारे किंवा मुलांस भिणारे कुत्रे देऊ नये, मग ते घर कितीही श्रीमंत व प्रेमळ असो. ज्या घरी कोंबड्या व शेळ्या आहेत तेथे त्यांवर झडप घालणारे देऊ नये. ज्या घरी जिन्यातून सतत पाहुण्यांची ये-जा आहे तेथे परक्यावर धावणारे देऊ नये. देणाऱ्याने स्वतः ते घर पाहावे, कुंपणाची उंची पाहावी, घरातील प्रत्येक माणसास भेटावे. कारण हौस एकाची असते आणि कुत्रे सर्वांच्या वाट्यास येते. दिल्यावर महिनाभर विचारपूस ठेवावी. आणि सर्वांत शेवटी हे वचन द्यावे: न जमल्यास कुत्रे माझ्याकडे परत आणा, रस्त्यावर सोडू नका. पाळलेले जनावर भूक-तहानेने तडफडेल अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. आणि आपल्या जनावरापासून दुसऱ्याच्या जिवास धोका पोहोचेल असा निष्काळजीपणा करणे हाही १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाप्रमाणे गुन्हाच आहे.

एवढे सर्व करूनही असे एखादे कुत्रे उरतेच की, जे कोणाच्याही घरी देता येत नाही. ज्याने कारण नसता, सूचना न देता, खोलवर चावे घेतले आहेत, त्यास दुसरे घर पाहून देणे म्हणजे आपले संकट शेजाऱ्याच्या दारात नेऊन बांधणे होय. अशा वेळी नाही म्हणावयास धैर्य लागते. भूतदयेचे काम करणाऱ्या मंडळींस हे धैर्य नेहमी होतेच असे नाही. कारण आश्रमातील जागा थोडी, रोज नवे कुत्रे दाराशी, आणि एक गेले तर दुसऱ्यास जागा होईल, हा मोह मोठा असतो. असे कुत्रे अनुभवी माणसाने बंदिस्त जागेत आयुष्यभर सांभाळावे, किंवा ज्या संस्थेकडे तशी सोय आहे तेथे ठेवावे. असाध्य रोगाने किंवा प्राणांतिक जखमेने जे तळमळत आहे त्याचा निर्णय पशुवैद्याने कायद्यास अनुसरून करावयाचा. तो जमावाच्या काठीचा अधिकार नव्हे, आणि तुमचा-माझाही नव्हे. सर्वांना वाचविता येत नाही, हे दुःख पदरी घ्यावे. परंतु ते टाळण्यासाठी असत्याचा आश्रय करू नये.

नामदेवांची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. कुत्र्याने पोळी पळविली, तेव्हा ती त्यास कोरडी खावी लागू नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. पंढरीच्या जवळ राहणाऱ्या आपणांस ही गोष्ट विशेष प्रिय असावी, हे साहजिक आहे. मीही ती वर्गात अनेकदा सांगितली आहे. आता सांगताना मी एक वाक्य माझ्या पदरचे जोडतो: मुलांनो, तूप घेऊन धावण्याचे मन ठेवा, पण जेवणाऱ्या कुत्र्याच्या ताटात हात घालू नका. निजलेल्या, जेवणाऱ्या, आणि पिलांजवळ बसलेल्या कुत्र्यापाशी जाऊ नये. अनोळखी कुत्रे जवळ आले तर धावू नये, ओरडू नये. हात अंगाशी धरून झाडासारखे उभे राहावे व त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहू नये.

आणि इतके जपूनही कुत्रे चावलेच तर? पालकांनी हे पाठ करून ठेवावे. जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट असे काहीही तीत भरू नये. मग त्याच दिवशी रुग्णालयात जावे. चावल्यानंतरची लस सरकारी रुग्णालयात मिळते. तिच्या एका प्रचलित पद्धतीत पहिल्या टोचणीचा दिवस शून्य धरून पुढे तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी टोचतात. डॉक्टर सांगतील तो क्रम पूर्ण करावा. रक्त आलेल्या जखमेत लसीखेरीज आणखी एक औषध टोचावे लागते, तेही आठवणीने विचारावे. कुत्रे धडधाकट दिसत असले तरी उपचार लांबवू नये, आणि शक्य तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवावी. पिसाळण्याचा रोग एकदा अंगात प्रगट झाला म्हणजे त्यातून मनुष्य वाचणे जवळ जवळ अशक्य. परंतु वेळीच उपचार झाला तर तो हटकून टळण्यासारखा आहे. १८८५ साली लुई पाश्चर यांनी पॅरिस येथे जोसेफ मेस्टर या नऊ वर्षांच्या मुलास प्रथम ही लस टोचून वाचविले. आपल्या शेजारच्या गोव्यात २०१४ पासून गावोगाव कुत्र्यांस लस टोचण्याची व शाळाशाळांतून मुलांस शिक्षण देण्याची मोहीम चालली. २०१८ ते २०२० या तीन वर्षांत तेथे या रोगाने एकही मनुष्य दगावला नाही. जे गोव्यास साधले ते सोलापूर जिल्ह्यास साधू नये, असे काही नाही.

आता मोतीचे काय झाले ते सांगून लेख पुरा करितो. तो माझ्याकडे परत आला व आठ महिने राहिला. वर सांगितलेली ताटलीची तालीम मी त्यास पशुवैद्यांच्या देखरेखीखाली दिली. तो पुष्कळ सुधारला, पूर्ण सुधारला नाही. मग मी कागद लिहिला. तो वाचून चार कुटुंबे परत गेली. प्रत्येक वेळी मला वाईट वाटले आणि प्रत्येक वेळी मनाने कौल दिला की, हे योग्यच झाले. पाचव्या खेपेस एक वृद्ध दांपत्य आले. गावाबाहेर त्यांची सीताफळाची बाग आहे. घरात लहान मूल नाही. बागेस तारेचे उंच कुंपण आहे. आजोबांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "म्हणजे जेवताना त्याला एकटं सोडायचं, एवढंच ना? ते आम्हाला जमेल." गेली तीन वर्षे ते त्यांनी जमविले आहे. मोतीची ताटली एका कोपऱ्यात फाटकाआड असते आणि ती रिकामी होईतो तिकडे कोणी फिरकत नाही. नातवंडे सुटीत आली म्हणजे तो बांधलेला असतो. खोड गेली नाही. परंतु तिच्यापासून आता कोणास इजा नाही.

ती मुलगी यंदा आपल्याच शाळेत पाचवीत आली आहे. तिच्या मनगटावर तीन पुसट खुणा आहेत. एके दिवशी मधल्या सुटीत तिने मला मोतीविषयी विचारले. मी बागेची हकीकत सांगितली, कागदाचीही सांगितली. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "सर, त्या कागदावर माझं लिहिलं होतं का?"

मी म्हणालो, "हो बाळ. पहिल्याच ओळीत."